परदेशी पाठवायची प्रत

१

ओटिली ब्रँटचं काम शिव्या शोधायचं होतं.

न्यूयॉर्कच्या समोर, हडसनच्या पलीकडच्या काठावरल्या टेकडीवर काचेच्या छपराचा तो स्टुडिओ होता. रोज सकाळी ती तिथे यायची आणि कोट न काढताच कटिंगच्या खोलीत बसायची. फिल्म पेट घेते म्हणून तिथे शेगडीला बंदी होती. सुती हातमोजे चढवून ती आदल्या दिवशीचं रीळ हाताने फिरवत भिंगाखालून बघायची. चित्रपटाला आवाज नसतो, त्यामुळे नट तोंडाने वाटेल ते बोलतात. बाकीच्या प्रेक्षकांना कळत नाही, पण बहिऱ्यांना कळतं, आणि तुमच्या सोज्वळ नायकाने प्रार्थनेच्या वेळी पाद्र्याच्या आईचा उद्धार केला म्हणून ते मालकांकडे भांडायला येतात. ओटिलीची आई लहानपणापासून बहिरी. ओठ वाचायला ओटिली अक्षरं वाचायच्या कितीतरी आधी शिकली होती. कॉलेजात तर्कशास्त्रात पहिली येऊन शेवटी नोकरी मिळाली ती या ओठांवर, आणि त्याचा तिला रोज नव्याने राग यायचा.

त्या शरदात शिव्यांना तोटा नव्हता. लेम क्रॅडॉक स्वतःच्या आयुष्यावरच्या चित्रपटात स्वतःचंच काम करत होता.

लेमला ओळखत नाही असा माणूस देशात नव्हता. त्याने मारलेला बेसबॉलचा चेंडू मैदानाबाहेर कुठे पडला हे बघायला माणसं दुसऱ्या दिवशी सहकुटुंब जायची. वर्तमानपत्रांनी त्याला 'हातोडा' नाव दिलं होतं. हा हातोडा कोळशाच्या खाणींच्या मुलखात एका अनाथालयात वाढला होता. त्याच्या आईचं नाव तिथे कोणाला माहीत नव्हतं. तो दारूबंदीच्या दिवसांत खिशात बाटली ठेवायचा, उशिरा यायचा आणि दर वाक्याला एक शिवी घालायचा. चित्रपटातला लेम मात्र एका पांढऱ्या घरात वाढलेला होता. त्याला गुबगुबीत, पीठ मळणारी आई होती, रविवारी चर्च होतं, आणि अंगणात एक झाड होतं, ज्याची फांदी तोडून त्याने पहिली बॅट तासली होती.

"हे सगळं खोटं आहे," ओटिली पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"पोरी, खरं दाखवायला आपण काय पोलीस आहोत?" पडद्यावरच्या पाट्यांचा मजकूर लिहिणारे मिस्टर लूमिस म्हणाले होते, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले होते.

प्रत्येक प्रसंग दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून घ्यायचे. डावीकडच्या कॅमेऱ्याची फिल्म देशासाठी, उजवीकडच्याची परदेशी पाठवायच्या प्रतीसाठी. नट तेच, क्षण तोच, फक्त वीतभर अंतरावरून पाहिलेला. डावी प्रत सगळे डोळ्यांत तेल घालून बघत. उजवीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. बघायची ती फक्त ओटिली, कारण तिच्या मते बहिरी माणसं लंडनमध्येही असतात.

त्या मंगळवारी ती स्वयंपाकघराचा प्रसंग बघत होती. आई मिसेस डेलाफील्ड ओट्यापाशी, लेम टेबलाशी, मागे भिंत. भिंतीवर एक दार आणि शेजारी पडदे लावलेली खिडकी. डाव्या रिळात लेम आईकडे प्रेमाने बघत म्हणत होता, "या ॲपल पायमध्ये सफरचंदं आहेत की घोड्याची लीद?" ओटिलीने खूण केली. मग तिने उजवं रीळ लावलं. तोच प्रसंग, तीच लीद. पण काहीतरी निराळं होतं, आणि ते काय हे कळायला तिला रीळ तीनदा मागे घ्यावं लागलं.

भिंतीवरचं दार नीट लागलेलं नव्हतं. कडेला बोटभर काळी फट दिसत होती.

२

ती तडक सेटवर गेली. जेवणाची सुट्टी होती, काचेतून पांढरा उजेड पडला होता आणि स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

दार रंगाचं होतं. लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यावर रंगवलेलं दार. त्याची पितळी मूठ आणि मुठीवरची चकाकी, दोन्ही रंगाची. शेजारची खिडकी रंगाची, तिचे चौकड्यांचे पडदेही रंगाचे. ओटिलीने दाराच्या कडेवरून नख फिरवलं. खरखरीत कापड, सुकलेला रंग. ती भिंतीच्या मागे जाऊन आली. मागे तिरके टेकू होते, आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली होती आणि कोणीतरी टाकलेलं अर्धं सँडविच.

तिला स्वतःचंच हसू आलं. कापड रात्रीच्या गारठ्याने आकसलं असेल, सावली पडली असेल. उजवा कॅमेरा वीतभर बाजूला असतो, म्हणजे तिथून सावली वेगळी दिसणार. तर्कशास्त्रात पहिली आलेल्या मुलीला एवढं पुरेसं होतं. संध्याकाळी फेरीबोटीत बसेपर्यंत ते पुरलंही.

दुसऱ्या दिवशीच्या उजव्या रिळात ती फट हातभर रुंद झाली होती.

"आयव्हर, इकडे ये आणि बघ," तिने उजव्या कॅमेऱ्याच्या माणसाला ओढतच आणलं. आयव्हर हा थंड डोक्याचा, तोंडात कायम काडी चघळणारा माणूस. त्याने भिंगातून पाहिलं, काडी या गालातून त्या गालात नेली.

"फिल्मवर डाग असेल."

"डाग? सरळ रेषेत, दाराच्या उंचीचा? आणि फक्त दाराच्याच कडेला?"

"मग सेटवाल्यांनी दार बदललं असेल."

"दार कापडाचं आहे, आयव्हर. मी हात लावून आलेय."

"मग उघडंय कशाला म्हणतेस?" तो म्हणाला आणि गेला. त्याच्या मते वाद संपला होता.

मिस्टर व्हिटसेल निर्माते होते आणि दिग्दर्शकही. त्यांच्याशी बोलायचं तर ते जेवत असताना बोलावं लागे, कारण एरवी ते कर्ण्यातून ओरडत असत. ओटिलीने रिळाचा तुकडा त्यांच्या ताटाशेजारी धरला. त्यांनी सूप पिता पिता तो उजेडाकडे वर केला.

"हं. कुठली प्रत?"

"परदेशी पाठवायची."

तुकडा लगेच खाली आला. "मिस ब्रँट, ब्राझीलमधला माणूस दाराकडे बघणार आहे का? तो मिसेस डेलाफील्डकडे बघून रडणार आहे."

"पण हे होतंच कसं, हे तरी विचाराल? जी वस्तू उघडू शकत नाही..."

"पोरी," मिस्टर लूमिस शेजारच्या खुर्चीतून म्हणाले, "कॉलेजात मुलींना पाठवलं की हे असं होतं. दार बंद असलं तर ते का बंद, आणि उघडं असलं तर ते का उघडं."

दोघेही हसले. ओटिलीने तुकडा उचलला. त्यावर सुपाचा थेंब पडला होता.

३

"काय गं कॉलेज, आज किती शिव्या सापडल्या?"

लेम क्रॅडॉक दारातून आत यायचा तेव्हा आधी खांदे यायचे आणि मग तो. कटिंगच्या खोलीत त्याला मनाई होती, कारण तो चिरूट घेऊन यायचा. आज चिरूट विझवून कानामागे खोवलेला होता.

"मोजायचं सोडलं मी," ओटिली म्हणाली. "कालचा तो पूर्ण प्रसंग वाया गेलाय तुमच्यामुळे. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तुम्ही काय म्हणालात ते मी घरी सांगू शकत नाही."

पलीकडच्या टेबलावर जोड लावत बसलेली कॉन्चेटा खुदकन हसली. "मला सांगितलं तिने. आज मला चर्चमध्ये कबुलीजबाबाला जावं लागणार."

"आता तो म्हातारा व्हिटसेल परत करायला लावणार," लेम स्टुलावर बसला आणि स्टूल कुरकुरलं. "शुक्रवारी. परत त्या बाईची मांडी. तिला लव्हेंडरचा वास येतो, मला शिंका येतात." त्याने हाताचे मोठे पंजे बघितले. "एक सांगू? हा माणूस रोज मला सांगतो, ही तुझी आई. ही तुझी आई, हे तुझं घर, या झाडावरनं तू पडलास. परवा एका वार्ताहराला मी सांगत होतो झाडावरनं पडल्याची गोष्ट. अर्धी सांगून झाल्यावर लक्षात आलं, अरे, मी नव्हतो पडलो. मी कशावरनं पडलो ते निराळंच होतं."

"कशावरून?"

"ते आता आठवेना बघ," तो म्हणाला आणि हसला, पण हसणं मध्येच राहिलं.

या स्टुडिओत तिला माणसासारखं वागवणारा हाच एक होता. कॉलेज म्हणून चिडवायचा, पण ती बोलली की ऐकायचा. म्हणून तिने उजवं रीळ लावलं आणि भिंग त्याच्याकडे सरकवलं.

लेम बराच वेळ वाकून बघत राहिला. त्याची मान हळूहळू लाल झाली.

"तिकडं कोणंय?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. टेकू आहेत आणि वाळूची बादली."

"बादलीला पीठ लावलेला हात असतो का?"

तिने भिंग ओढून घेतलं. फटीत काळोख होता, बाकी काही नव्हतं. तिने रीळ मागे घेतलं, पुढे घेतलं. काळोखच.

"मिस्टर क्रॅडॉक, शुक्रवारी तिथे बसू नका," ती म्हणाली. "का ते मला विचारू नका, मलाच धड कळत नाहीये आणि त्याची मला इतकी चीड येतेय. पण दार रोज जास्त उघडतंय. त्यांना म्हणा, दुसऱ्या सेटवर करा. अंगणात करा."

"मी म्हणून बघितलं तर म्हातारा म्हणेल, कराराचा कागद आण." तो उठला, दारात थांबला. "आणि कॉलेज, दार रंगाचं आहे ना? तूच म्हणालीस."

"हो."

"मग?"

सकाळपासून सगळे तिला हाच प्रश्न विचारत होते. हा एक विचारणार नाही असं तिला वाटलं होतं.

४

गुरुवारी ती व्हिटसेलसाहेबांशी भांडली. आधी गोडीत, मग आवाज चढवून, मग टेबलावर हात आपटून.

"तो प्रसंग अंगणात घ्या. तेवढंच मागतेय मी."

"मिसेस डेलाफील्डना गवताने शिंका येतात."

"मग भिंत काढा. आडवा पडदा लावा. काहीही करा, पण त्याला त्या दारापुढे बसवू नका!"

"मिस ब्रँट, मी हे काम करतोय तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात."

"आणि तेव्हापासून तुम्ही काही बघितलं का? खरंच डोळे लावून काही बघितलं का?"

व्हिटसेलसाहेब चिडले नाहीत. त्यांनी मान हलवली, दया आल्यासारखी, आणि ओटिलीला ते चिडण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटलं. उद्या तिने सेटवर पाऊल ठेवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

शुक्रवारी ती सेटवर गेलीच. दिव्यांच्या तारांच्या ढिगामागे उभी राहिली. सकाळ स्वच्छ होती. काचेच्या छपरातून उजेड इतका सारखा पडला होता की सेटवर सावलीला जागाच नव्हती. नटांना रडू यावं म्हणून ठेवलेले व्हायोलिनवाला आणि पेटीवाला कोपऱ्यात सूर लावत होते. दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी. आयव्हरच्या तोंडात काडी.

"आई ॲपल पाय घेऊन येते," कर्ण्यातून व्हिटसेलसाहेब सांगत होते. "लेम, तू थकून घरी आलास. सगळं जग तुला ओळखतं, पण तुला हवंय काय? आई. आता गुडघ्यावर बस. डोकं मांडीवर. हं, संगीत!"

ओटिलीने लेमकडे पाहिलंच नाही. ती डोळे न हलवता दाराकडे बघत राहिली. दार रंगाचं होतं. व्हायोलिन रडत होतं, कॅमेऱ्यांची हँडलं करकरत होती आणि दार पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगाचं राहिलं. ते तसूभरही हललं नाही. तिचे डोळे झोंबायला लागले.

"थांबा! बहोत खूब! लेम, बाळा, हे रडणं कुठे लपवून ठेवलं होतंस?"

तेव्हा तिने पाहिलं. लेमचे गाल ओले होते. त्याने शिवी घातली नव्हती. त्याला शिंक आली नव्हती. व्हिटसेलसाहेबांनी खबरदारी म्हणून तोच प्रसंग पुन्हा एकदा घेतला, आणि तो पुन्हा तितकंच सुंदर रडला, त्याच जागी, त्याच मापाने.

बाहेर जाताना तो तिच्या शेजारून गेला. तिने वाट बघितली, आता कॉलेज म्हणेल. तो फक्त गोड हसला आणि टोपीला हात लावला. त्याच्या कानामागे चिरूट नव्हता.

५

डाव्या कॅमेऱ्याचं रीळ सोमवारी धुऊन, छापून आलं. त्यात काही चूक नव्हती. आई, मुलगा, अश्रू, बंद दार. खोलीत जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर ओटिलीने उजवं लावलं.

सुरुवातीला लेम टेबलाशी बसलेला होता. मागे दार उघडं होतं, आता पुरतं उघडं, आणि पलीकडे टेकू नव्हते. मिसेस डेलाफील्ड ॲपल पायचं ताट घेऊन आल्या. लेम उठला. पण तो त्यांच्याकडे गेला नाही. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून, दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसासारखा, दाराकडे चालायला लागला. मिसेस डेलाफील्ड खुर्चीवर बसल्या. त्यांनी मांडीवरचं डोकं कुरवाळायला सुरुवात केली. मांडीवर डोकं नव्हतं. त्यांची बोटं हवेतून, केसांएवढ्या उंचीवरून फिरत राहिली, आणि चेहऱ्यावर ते कमालीचं वात्सल्य.

उंबऱ्यापाशी लेम थबकला. आतल्या काळोखातून एक हात बाहेर आला. मनगटापर्यंत पीठ लागलेला. हात दिसला तेवढाच. त्याने लेमची बाही धरली, घाईत नाही, जोरात नाही. रस्ता ओलांडताना मुलाची धरतात तशी.

रीळ संपलं. फिल्मचं शेपूट चाकावर फटफट आपटत राहिलं.

ओटिलीने हातमोजे काढले आणि बोटं तोंडात धरली, थंडीने गार पडली होती म्हणून. तर्क सांगत होता, दोन वेगळ्या वेळी घेतलेले प्रसंग कोणीतरी जोडले. पण जोड लावण्याचं काम या खोलीतच होतं, आणि फिल्मवर जोड नव्हता. तिने शेवटपासून सुरुवातीपर्यंत बोट फिरवून पाहिलं.

६

"बदलला गं तो," कॉन्चेटा सांगत होती. "सगळे म्हणतात. वेळेवर येतो. बाटली नाही, काही नाही. काल मेकअपवालीला फुलं दिलीन."

व्हिटसेलसाहेब खुशीत होते. दोन प्रसंग राहिले होते ते एका सकाळीत उरकले होते. मिस्टर लूमिस सांगत सुटले होते की चांगली कथा माणसाला सुधारते. लेमचे नवे फोटो सगळीकडे छापून येत होते: लेम चर्चच्या पायऱ्यांवर, लेम दुधाचा पेला घेऊन.

"तो तो नाहीये," ओटिली म्हणाली.

"मग कोणंय?" कॉन्चेटाने जोडावरून मान वर न करता विचारलं. "आणि असला तरी चांगलाय की. आधीचा माझ्या स्टुलावर बसून स्टूल मोडत होता."

त्या दुपारी तो आला. कॉन्चेटा पाठ करून बसली होती. ओटिलीने मान वर केली तर तो दारात उभा, टोपी छातीशी धरलेली.

"मिस ब्रँट," तो म्हणाला, "कष्टाळू हातांना देव कधी विसरत नाही."

हे वाक्य तिने वाचलं होतं. मिस्टर लूमिसनी ते तिसऱ्या रिळातल्या पाटीसाठी लिहिलं होतं.

"मिस्टर क्रॅडॉक कुठे आहेत?" तिने विचारलं.

"जिथे आईचं प्रेम असतं," तो हसला, "तिथेच माणसाचं घर असतं."

"तो परत कसा येईल ते सांगा."

त्याने मान किंचित तिरकी केली. मग टोपी घातली, झुकून नमस्कार केला आणि गेला. त्याच्या बुटांचा जिन्यावर आवाज आला नाही, पण खाली व्हायोलिनवाला सराव करत होता, त्यामुळे खात्रीने सांगता येत नव्हतं.

कॉन्चेटा वळली. "कोणाशी बोलतेयस?"

"आत्ता आला होता तो. ऐकलं नाहीस, काय म्हणाला ते?"

"मी फक्त तुला ऐकलं," कॉन्चेटा म्हणाली. "तू विचारत होतीस, मध्ये थांबत होतीस, परत विचारत होतीस. मला वाटलं ओठ वाचतेयस भिंगातून."

ओटिलीला त्याचा प्रत्येक शब्द कळला होता. आवाज कसा होता, हे आठवून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं.

मग त्याला आवाजच नाही हे बाकीच्यांच्या लक्षात कसं येत नाही? मग तिला दिसलं: व्हिटसेलसाहेब कर्ण्यातून बोलतात. लूमिस स्वतःच्या विनोदावर हसतात. या इमारतीत समोरच्याचा आवाज शेवटचा कोणी ऐकला होता?

७

उजव्या कॅमेऱ्याचं दुसरं रीळ, तोच प्रसंग पुन्हा घेतलेला, बुधवारी आलं. परदेशी पाठवायची प्रत दुसऱ्या दिवशीच्या बोटीने जायची होती.

यात दार बंद होतं. मिसेस डेलाफील्ड रिकामी मांडी कुरवाळत होत्या. ओटिलीची नजर आपोआप बाजूला गेली, खिडकीकडे. रंगवलेल्या पडद्यांच्या मध्ये लेम उभा होता. काच असावी तसा, दोन्ही पंजे टेकवून. तो थेट कॅमेऱ्यात बघत होता आणि बोलत होता, तीच वाक्यं पुन्हा पुन्हा.

*कॉलेज. या बाजूला दार नाहीये. भिंत काढायला सांग. कॉलेज, मी अजून इथंच उभाय.*

ती धावत जिना उतरली. तिने व्हिटसेलसाहेबांना जेवणावरून उठवलं, लूमिसना उठवलं, आयव्हरला ओढलं, प्रक्षेपणाच्या खोलीत नेऊन बसवलं. रीळ पडद्यावर मोठं करून दाखवलं. खिडकीतला लेम आता माणसाएवढा होता. तो शेवटपर्यंत बोलत राहिला. ओटिली पडद्याशेजारी उभी राहून त्याचा शब्द न् शब्द मोठ्याने म्हणत होती.

दिवे लागले. व्हिटसेलसाहेब उभे राहिले होते. त्यांचे डोळे पाणावले होते.

"आयव्हर!" त्यांनी हाक मारली. "अरे, हे कधी केलंस? एकाच फिल्मवर दोनदा घेतलंस ना? आधी खिडकीची जागा झाकून, मग तेवढीच उघडून?"

आयव्हरने काडी काढली, पडद्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

"त्याने काही केलं नाही!" ओटिली ओरडली. "खोटं बोलतोय तो! ही ट्रिक नाही, तो तिथे आहे, तो तुम्हाला सांगतोय, भिंत काढा! सेट उभाय अजून, माणसं घ्या आणि आत्ता काढा!"

"सेट सकाळीच मोडला, बाळ," लूमिस म्हणाले. "भिंत फाडून शेकोटीला दिली. काय जळते म्हणून सांगू, रंगामुळे."

व्हिटसेलसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही दमला आहात. पण डोळा चांगला आहे तुमचा, मान्य करतो. मुलगा मोठा झालाय, प्रसिद्ध झालाय, आणि बाहेरून स्वतःच्या घरात बघतोय, आईला हाक मारतोय. हे देशातल्या प्रतीत नाही याचंच वाईट वाटतं. लूमिस, इथे पाटी हवी."

लूमिसनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "'आई, दार उघड, मी घरी आलोय.'"

"वा."

"तो हे म्हणत नाहीये," ओटिली म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "तो बरोबर याच्या उलट म्हणतोय."

"पोरी, त्याचा आवाज कुठे ऐकू येतोय?"

पाटी कुठे लावायची याचा नियम ठरलेला होता. माणसाने तोंड उघडलं की कापायचं, पाटी घालायची, तोंड मिटतं तिथे पुन्हा जोडायचं. मधलं बोलणं टाकून द्यायचं. ओटिलीने कात्री हातात घ्यायला नकार दिला. तिने दारात उभं राहून, पाटी घेऊन आलेल्या माणसाला अडवून, व्हिटसेलसाहेबांना पुन्हा बोलावून, संध्याकाळपर्यंत वाद घातला. शेवटी साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि पाटी कॉन्चेटाकडे दिली.

"मला घर चालवायचंय गं, ओटिली," कॉन्चेटा हळूच म्हणाली आणि कापलं. तिचा हात सफाईदार होता. जोड दिसतही नव्हता.

टेबलाखालच्या टोपलीत बोलण्याचा तुकडा पडला. ओटिलीने तो उचलला आणि खिडकीशी नेला. बाहेर नदीवर उन्हं कलत होती. तिने तुकडा उजेडात धरला आणि एकेक चौकट अंगठ्याने पुढे सरकवत वाचायला लागली. *कॉलेज. या बाजूला.* ओठ तेच, पंजे काचेवर. *दार नाहीये. भिंत काढायला.*

तिथे तो थांबला होता.

दुपारी पडद्यावर तो शेवटपर्यंत बोलला होता. चौघांनी पाहिलं होतं. तिने स्वतः त्याचे शब्द मोठ्याने म्हटले होते. आता हाताएवढा तुकडा शिल्लक होता आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं. पुढच्या चौकटीत त्याची मान वळायला लागली होती. त्याच्या पुढच्यात आणखी. तो मागे, आतल्या बाजूला बघत होता, आणि त्याच्या गालाची जेवढी कड दिसत होती ती हसरी होती. ओटिली सबंध दुपार म्हाताऱ्यांशी भांडत असताना तिकडे कोणीतरी त्याला जेवायला हाक मारली होती.

काचेवरून एक पंजा सुटला होता.

पुढे चौकटी अजून बऱ्याच होत्या. तिचा अंगठा पुढे सरकेना.